शिराकावा-गोची गवती घरं: साठ अंशांच्या छपराखाली नेमकं काय चालायचं?

दर हिवाळ्यात एक फोटो फिरू लागतो. डोंगरांच्या मधोमध एक गाव, सगळीकडे कंबरभर बर्फ आणि त्यात उंच, उतरत्या गवती छपरांची घरं. अलीकडे जपान सहलींच्या कार्यक्रमांतही हे गाव दिसतं. फोटोखालचे प्रश्न ठरलेले असतात. छप्पर एवढं उभं का? गवत कुजत नाही का? खिळे वापरलेले नाहीत हे खरं का? आणि पत्रा घालून मोकळे का होत नाहीत?

प्रत्येक प्रश्नाचं वेगळं उत्तर देता येतं, पण मग घर समजत नाही. हे घर म्हणजे राहण्याची जागा, रेशमाचा कारखाना आणि जमिनीखालची रसायनशाळा असं सगळं एकत्र होतं आणि त्या सगळ्याला एकच शेकोटी चालवत होती. ते एकदा लक्षात आलं की बाकीची उत्तरं आपोआप जुळतात.

जागा कुठली

जपानच्या मुख्य बेटाच्या मधल्या भागात, हाकुसान या २,७०२ मीटर उंच पर्वताच्या पूर्वेला शो नदीचं अरुंद खोरं आहे. नदी उत्तरेकडे वाहत जाऊन जपानच्या समुद्राला मिळते. खोऱ्याचा वरचा भाग म्हणजे गिफू प्रांतातलं शिराकावा-गो आणि खालचा भाग म्हणजे तोयामा प्रांतातलं गोकायामा. ओगिमाची, आइनोकुरा आणि सुगानुमा ही इथली तीन गावं १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. ओगिमाची सगळ्यात मोठं, फोटोत बहुधा तेच असतं. सुगानुमा मात्र इतकं लहान आहे की तिथं अशी जेमतेम नऊ घरं आहेत.

या बांधणीला ‘गाश्शो’ शैली म्हणतात, म्हणजे नमस्काराला जोडलेल्या हातांसारखं छप्पर.

बर्फ एवढा का पडतो?

हिवाळ्यात सायबेरियाकडून कोरडे, अतिथंड वारे सुटतात. वाटेत जपानचा समुद्र लागतो. त्यात दक्षिणेकडून येणारा उबदार प्रवाह असल्यानं पाण्यावरून जाताना वारे बाष्प भरून घेतात. पुढे हाकुसानसारखे डोंगर आडवे आले की हवा वर चढते, थंड होते आणि सगळं बाष्प खाली टाकते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात जे होतं तेच इथे जानेवारीत होतं, फक्त पावसाच्या जागी बर्फ. समुद्रावरून आलेला हा बर्फ ओलसर आणि जड असतो. काही हिवाळ्यांत जमिनीवरचा थर दोन मीटरच्या वर जातो.

असा बर्फ सपाट छपरावर साठू दिला तर तुळया मोडतात. म्हणून छपराचा उतार ६० अंशांच्या आसपास ठेवला. बर्फ पूर्णपणे आपोआप घसरतो असं मात्र नाही. पाख्यावरून उतरलेला बर्फ खाली ढीग होऊन बसतो. तो ढीग वाढत वाढत वळचणीला टेकला की वरचा आणि खालचा बर्फ एकमेकांना चिकटतो. खालचा थर दबत जातो तसा तो छपराच्या कडेचं गवत ओढून उपटतो. म्हणून छप्पर कितीही उभं असलं तरी वळचणीखालचा बर्फ हलवावाच लागतो.

ओगिमाचीच्या फोटोत आणखी एक गोष्ट दिसते: जवळजवळ सगळी घरं एकाच दिशेला तोंड करून आहेत. खोरं दक्षिणोत्तर आहे आणि वाराही त्याच रेषेत वाहतो. म्हणून घरांच्या निमुळत्या त्रिकोणी बाजू दक्षिण-उत्तर ठेवल्या, म्हणजे वारा रुंद पाख्यांवर आदळत नाही. पाखी पूर्व-पश्चिम झाल्यानं एकावर सकाळचं आणि दुसऱ्यावर दुपारचं ऊन पडतं, दोन्हीकडचा बर्फ सारखा वितळतो आणि गवतही सारखं वाळतं. शिवाय उन्हाळ्यात माळ्यावरच्या खिडक्या उघडल्या की वारा आरपार जातो. ही शेवटची सोय कोणासाठी, ते पुढे येईल.

खिळे नसलेलं छप्पर उभं कसं राहतं?

घराचे दोन भाग समजून घ्यायला हवेत, कारण ते बांधणारी माणसंच वेगळी होती. खालचा मजला, म्हणजे खांब, तुळया, जोडणीच्या खाचा, हे काम कसबी सुतारांचं. वरची कैची, म्हणजे छपराचा तिरक्या लाकडांचा सांगाडा, आणि छप्पर गावकरी स्वतः उभं करायचे.

खालच्या चौकटीच्या आडव्या तुळयांच्या टोकांना उथळ खळगे कोरलेले असतात. वरच्या कैचीच्या तिरक्या लाकडांची खालची टोकं पेन्सिलीसारखी तासून त्या खळग्यांत नुसती टेकवलेली असतात. ठोकलेली किंवा जखडलेली नसतात. वर आढ्यापाशी ही लाकडं एकमेकांना बांधलेली असतात. जोरदार वारा किंवा भूकंपाचा धक्का आला की कैची त्या टोकांवर थोडी डोलते आणि परत जागेवर येते. सांधा घट्ट असता तर तोच पहिल्यांदा फाटला असता. छपराच्या आतल्या अंगानं मोठ्या फुलीसारखे तिरके आडणे बांधलेले असतात, त्यामुळे सगळ्या कैच्या एका बाजूला कलंडत नाहीत.

बांधायला दोन गोष्टी वापरतात: भाताच्या पेंढ्याचा दोर आणि ‘नेसो’. नेसो म्हणजे विच हेझल जातीच्या झुडपाच्या कोवळ्या फांद्या. ओल्या असतानाच त्या पिळून नरम करतात आणि दोरासारख्या गुंडाळतात. वाळल्या की त्या आकसतात आणि गाठ आणखी आवळली जाते. लोखंडी खिळा ओल्या धुरकट हवेत गंजतो आणि सैल होतो, ही गाठ मात्र वर्षागणिक घट्ट होत जाते. दोर जुना झाला तर कापून नवा बांधता येतो, लाकडाला इजा होत नाही. खिळे न वापरण्याचं कारण गरिबी एवढंच सांगितलं जातं. ते मला अपुरं वाटतं, कारण या कामासाठी गाठच जास्त चांगली आहे.

बर्फाचा उपयोगही करून घेतला आहे. उतारावरच्या कोवळ्या झाडांना बर्फ दरवर्षी खाली दाबतो, त्यामुळे त्यांचा बुंधा मुळापाशी वाकडा वाढतो. एरवी टाकाऊ ठरणारं हे कमानदार लाकूड इथे मुद्दाम निवडून तुळईला वापरलं, कारण त्या नैसर्गिक कमानीवर भार चांगला पेलला जातो.

गवत कुजत का नाही?

कुजतं. फक्त खूप सावकाश.

शाकारणीला लागतं ते डोंगरउतारावरचं उंच, कडक काड्यांचं गवत. उन्हाळाभर हिरवं असलेलं गवत कापून चालत नाही, शरद ऋतूत ते पिवळं पडून वाळू लागलं की कापतात. पेंढ्या बांधून नीट सुकवतात आणि मगच वापरतात. छपरावर त्याचा दोन फुटांहून जाड थर असतो. पाऊस पडला की पाणी एका काडीवरून दुसऱ्या काडीवर उतरत वळचणीपर्यंत जातं. उतार तीव्र असल्यानं त्याला आत मुरायला वेळ मिळत नाही, वरचा काही बोटं जाडीचा थर तेवढा भिजतो. हेच छप्पर कमी उताराचं केलं तर पाणी रेंगाळतं, शेवाळ धरतं आणि काही वर्षांत सडतं.

बाहेरचा ओलावा उतार सांभाळतो, आतला ओलावा आणि किडे सांभाळते ती शेकोटी. घराच्या मधोमध जमिनीत बसवलेल्या चौकोनी चुलीला ‘इरोरी’ म्हणतात. तिला धुराडं नसतं. वरच्या मजल्यांची जमीन फळ्यांमध्ये फटी ठेवून किंवा कामट्यांची केलेली असते, म्हणजे ऊब आणि धूर दोन्ही सरळ आढ्यापर्यंत चढतात. धुरातला डांबरासारखा अंश गवतावर, दोरांवर, लाकडावर चढत राहतो. किडे येत नाहीत, बुरशी धरत नाही. ठिणगी वर जाऊ नये म्हणून चुलीच्या बरोबर वर एक मोठी लाकडी चौकट टांगलेली असते. ती ठिणग्या अडवते आणि ऊब चारी बाजूंना पसरवते.

इरोरी रोज पेटत असे तेव्हा एक शाकारणी ३० ते ५० वर्षं टिकायची. आता गॅस आणि वीज आली, बहुतेक घरांत चूल रोज पेटत नाही, त्यामुळे गवत लवकर जातं. म्हणूनच बघण्यासाठी खुल्या ठेवलेल्या घरांत आजही मुद्दाम विस्तव ठेवतात. पाहुण्यांच्या कपड्यांना धुराचा वास लागतो, त्याला इलाज नाही.

माळ्यावर रेशीम

खोऱ्यात सपाट जमीन फार कमी. भातशेतीला वाव नव्हता म्हणून उतारावरचं रान जाळून भरड धान्य पिकवायचे. तेवढ्यावर घर चालत नसे. रोख पैसा आणणारी गोष्ट म्हणजे रेशमाचे किडे.

किड्यांना मोठी, कोरडी, हवेशीर जागा लागते, थंडी सोसत नाही. उभ्या छपराखाली आपोआप मोठी पोकळी तयार झालीच होती. तिच्यात दोन ते चार माळे घातले. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत कागदी झडपांच्या खिडक्या केल्या: उजेड येतो आणि गरम झालं की वारा खेळवता येतो. खालची इरोरी गारठ्याच्या दिवसांत ऊब देते. रेशमाचा धंदा वाढत गेला तशी छपरं अधिक उंच आणि अधिक उभी होत गेली. म्हणजे आज आपण ज्याला बर्फाचं छप्पर म्हणतो ते निम्मं रेशमाचं आहे.

जमिनीखाली सोरा

आता सगळ्यात नवलाची आणि फोटोत कधीच न दिसणारी गोष्ट. बंदुकीच्या दारूत साधारण तीन चतुर्थांश सोरा असतो, उरलेला भाग कोळसा आणि गंधक. जपानात १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडून बंदुका आल्या. ज्वालामुखींच्या देशात गंधकाला तोटा नव्हता, कोळसाही होता. सोरा मात्र नव्हता. तो पाण्यात चटकन विरघळतो, त्यामुळे पावसाळी देशात जमिनीवर साठून राहत नाही. मग तो तयार करायचा कुठे? जिथे पाऊस पोचत नाही, ऊब आहे आणि शेण-मूत्र मुबलक आहे, अशा जागी. म्हणजे या घरांच्या जमिनीखाली.

पद्धत अशी होती. इरोरीच्या जवळ फरशीच्या फळ्यांखाली खोल खड्डा खणायचा. तळाला धान्याचा कोंडा. त्यावर कोरडी माती आणि रेशमाच्या किड्यांची लेंडी कालवून एक थर. त्यावर दवण्याच्या जातीचं जपानी रानगवत, भांगेची पानं, बकव्हीटची ताटं असा वाळवलेला पाला. पुन्हा माती, पुन्हा पाला, खड्डा भरेपर्यंत. मूत्रही घालत. पुढे दरवर्षी ठरावीक वेळा माती उकरायची, खालवर करायची, नवा पाला आणि लेंडी मिसळायची. चार-पाच वर्षांनी माती तयार होई.

त्या खड्ड्यात काय घडत होतं? लेंडी आणि मूत्रातल्या नत्रापासून आधी अमोनिया बनतो. मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जिवाणूंना हवा लागते, म्हणून माती वरचेवर उकरायची. त्यांना ऊब लागते, गोठणबिंदूच्या आसपास त्यांचं काम जवळजवळ थांबतं. म्हणून खड्डा चुलीजवळ, म्हणजे बाहेर दोन मीटर बर्फ असतानाही काम चालू. आणि पाणी शिरलं तर तयार झालेलं सगळं वाहून जातं, म्हणून घराच्या आत.

तयार माती लाकडी पिंपात भरून तिच्यातून पाणी झिरपवत. त्या पाण्यात बहुतांश कॅल्शियमचं नायट्रेट असतं. ते दारूला चालत नाही, कारण ते हवेतला ओलावा खेचून चिकट होतं. म्हणून त्यात लाकडाची राख घालून उकळायचं. राखेतला पोटॅश कॅल्शियमची जागा घेतो, कॅल्शियम चुन्यासारखं खाली बसतं आणि वर राहतो खरा सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. गाळून, आटवून हे पाणी थंड करत ठेवायचं. गरम पाण्यात सोरा भरपूर विरघळतो, गार पाण्यात फारच कमी, त्यामुळे थंड होताच त्याचे स्फटिक धरतात. त्याच पाण्यात उतरलेल्या मिठाचं तसं नाही, ते गार पाण्यातही विरघळलेलंच राहतं, म्हणून ते मागे पडतं. हीच क्रिया दोन-तीनदा केली की माल शुद्ध.

खालचं गोकायामा खोरं कानाझावाच्या माएदा घराण्याच्या कागा संस्थानात होतं आणि तिथला सोरा दरवर्षी संस्थानाकडे जाई. जागा दुर्गम हीच तिची किंमत होती: गुपित बाहेर जात नव्हतं. संस्थान आपले कैदीही इथेच हद्दपार करत असे. ते पळू नयेत म्हणून नदीवर पूल बांधू दिला नव्हता, लोक दोरावर टांगलेल्या टोपलीतून पलीकडे जायचे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देश खुला झाला, परदेशातून स्वस्त सोरा येऊ लागला आणि खड्डे बंद पडले. विसाव्या शतकात रेशीमही गेलं. घराला पोसणारे दोन्ही धंदे संपले आणि गवताचं खर्चिक छप्पर तेवढं उरलं. आजच्या सगळ्या अडचणींचं मूळ इथे आहे.

एका घरात तीस माणसं राहायची का?

हे बरंच सांगितलं जातं आणि अर्धं खरं आहे. खोऱ्याच्या दक्षिणेकडच्या काही वस्त्यांत वीस-तीस किंवा त्याहून जास्त माणसांची कुटुंबं होती. शेत आणि घर वाटलं तर कुणाचंच भागणार नाही आणि रेशमाला हात हवेत, म्हणून धाकटे भाऊबहीण वेगळे होत नसत. ओगिमाची किंवा गोकायामाच्या घरांना मात्र हे लागू नाही, तिथली कुटुंबं बरीच लहान होती.

छप्पर बदलायचं म्हणजे

एका घराला हे काम झेपत नाही. त्यासाठी ‘युई’ आहे. आपल्या शेतातली इर्जिक, म्हणजे गावानं मिळून एकमेकांची कामं उरकण्याची पद्धत, माहीत असेल त्याला युई वेगळी समजावून सांगायला नको. फरक एवढाच की युईचा लेखी हिशेब राहतो: कुणी किती पेंढ्या, किती दोर, किती दिवसांचं श्रम दिलं. त्यांची पाळी येईल तेव्हा तेवढंच परत करायचं.

एका वेळी साधारण एकच पाखं बदलतात आणि मोठ्या घराला शंभर ते दोनशे माणसं लागतात. आधी गवत, दोर जमवून मचाण बांधून ठेवायचं. मग जुनं गवत उतरवायचं, ते शेतात खत म्हणून जायचं. उघड्या पडलेल्या वाशांच्या गाठी तपासून नव्या करायच्या. शाकारणी वळचणीपासून सुरू होते आणि थरावर थर आढ्याकडे चढते. प्रत्येक थर बांधायला लाकडाची लांब सुई वापरतात. बाहेरचा माणूस दोर ओवलेली सुई गवतातून आत खुपसतो, आत माळ्यावर बसलेला माणूस ती वाशाला वळसा घालून परत बाहेर काढून देतो. आतल्यानं चुकीच्या बाजूनं सुई दिली तर वासा सुटतो आणि तो थर पुढे घसरतो, म्हणून आत बसायला अनुभवी माणूस लागतो. मग लाकडी थापीनं ठोकून काड्या एका पातळीत आणायच्या आणि शेवटी कात्रीनं कड कापायची. एवढे हात असले की एक पाखं एक-दोन दिवसांत होतं. उशीर परवडतच नाही, उघड्या घरावर पाऊस आला तर आतलं सगळं भिजेल.

आज गावात तेवढी तरुण माणसं नाहीत आणि गवताची कुरणंही कमी झाली, त्यामुळे पुष्कळ काम व्यावसायिक शाकारणाऱ्यांकडे गेलं आहे. मोठ्या घराचा खर्च एक कोटी येनच्या पुढे जातो.

“आग लागली तर सगळं गाव जाईल”

ही भीती रास्त आहे आणि गावकऱ्यांनाच ती सगळ्यात जास्त वाटते. ओगिमाचीत पाळीपाळीनं दिवसातून अनेकदा आगीची गस्त निघते. उघड्यावर सिगारेट ओढायला मनाई आहे. गावभर सुमारे ६० पाण्याच्या तोफा बसवल्या आहेत, त्यांना उंचावरच्या टाकीतून पाणी येतं, त्यामुळे वीज गेली तरी दाब राहतो. शरदात एक दिवस सगळ्या तोफा एकदम चालवून बघतात. कारंज्यांचा तो फोटो प्रसिद्ध आहे, पण तो उत्सव नाही, तपासणी आहे. तोफांचं काम जळतं घर विझवणं एवढंच नाही, शेजारची छपरं भिजवून ठिणगी धरू न देणं हेही आहे.

पत्रा का घालत नाहीत? युनेस्को पैसे देतं का?

खोऱ्यातल्या बहुतेक गावांनी हेच केलं: पत्रे घातले किंवा घरं पाडली. वीजनिर्मितीसाठी नदीवर धरणं झाली, १९६१ मध्ये पूर्ण झालेल्या मिबोरो धरणात वस्त्या बुडाल्या, काही घरं सुटी करून इतरत्र नेली. हे डोळ्यांसमोर होत असताना १९७१ मध्ये ओगिमाचीच्या रहिवाशांनी एकत्र येऊन तीन गोष्टी ठरवल्या: विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७६ मध्ये सरकारनं गावाला संरक्षित दर्जा दिला. युनेस्को येण्याच्या जवळजवळ पाव शतक आधीचा हा निर्णय आहे आणि त्याचं श्रेय गावाचंच आहे.

युनेस्को दुरुस्तीचे पैसे देत नाही. मोठा भाग जपानच्या सरकारी यंत्रणा उचलतात, उरलेला घरमालक. पर्यटनाचा पैसा येतो, पण त्याचा भारही येतो. जेमतेम दीड हजार वस्तीच्या शिराकावात वर्षाला दहा लाखांहून कितीतरी जास्त पाहुणे येतात. २००८ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून लोक दोन तासांत बघून निघून जातात, मुक्काम करत नाहीत. ही घरं संग्रहालय नाहीत, आत माणसं राहतात. तरी खिडकीतून डोकावणारे आणि अंगणात शिरणारे कमी होत नाहीत, ही गावाची खरी तक्रार आहे.

बघायला जाणार असाल तर

जवळच्या ताकायामा शहराहून बसनं ओगिमाची सुमारे ५० मिनिटांवर आहे, कानाझावाहून सव्वा तास. जानेवारी-फेब्रुवारीत काही संध्याकाळी घरांवर दिवे सोडतात, त्याला २०१९ पासून आगाऊ नोंदणीशिवाय प्रवेश नाही. गावात कचरापेट्या नाहीत, कचरा सोबत न्यावा लागतो. ड्रोनला बंदी आहे.

ओगिमाचीत वादा घर बघावं, हे सोऱ्याच्या व्यापारात असलेल्या घराण्याचं मोठं घर आहे. माळ्यावर चढून नेसोच्या गाठी आणि काजळी चढलेले दोर जवळून पाहता येतात. सोऱ्यात रस असेल तर मात्र एक दिवस गोकायामाला द्या: सुगानुमात सोऱ्याचं छोटं संग्रहालय आहे आणि कामिनाशीच्या मुराकामी घरातही ती प्रक्रिया मांडलेली आहे. तिथे गर्दी कमी असते. जेवायला गोकायामाचं टोफू मागा, ते इतकं घट्ट असतं की दोरीनं बांधून हातात लटकवून नेता येतं.